दसऱ्याच्या सुट्टीत माजाळीला

बेळगावकराला समुद्र म्हणजे गोवा. चोर्ला घाट उतरायचा, पणजी गाठायची, तिथून कळंगुट नाहीतर बागा. सुट्टी लागली की घाटात बघावं तिकडं केए-22 च्या गाड्या. लग्नानंतर आम्हीही तिकडंच जायचो. पण आता घरात सासूबाई सत्तरी ओलांडलेल्या. गुडघे दुखतात, गर्दीत जीव घाबरतो. त्यांना तिथं न्यायचं म्हणजे हॉटेलच्या खोलीत टीव्ही लावून बसवायचं आणि आपण फिरून यायचं. ते मला पटत नव्हतं. ज्या बाईनं बेळगावातल्या वडगावात विणकामाच्या मागांच्या खडखडाटात सुताच्या कांड्या भरत आयुष्य काढलं, तिला सुट्टी म्हणून परत गोंगाटातच कशाला न्यायचं?

आणि आईंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. पंढरपूर झालं, सौंदत्ती झाली, जोतिबा झाला, समुद्र राहिला. आमच्या भागात अशी माणसं घरोघरी आहेत. खरं तर बेळगावहून सरळ रेषेत समुद्र शंभर किलोमीटरच्या आत. खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीहून तर त्याच्या निम्माच. पण त्याच कणकुंबीला उगम पावलेली आमची मलप्रभा समुद्राकडं पाठ करते, पूर्वेची वाट धरते आणि पार कूडलसंगमला जाऊन कृष्णेला मिळते. आमच्या माणसांचंही तोंड पहिल्यापासून तिकडंच, घाटमाथ्याकडं. घाटाखाली जायचं ते नोकरीला, नाहीतर लग्नाच्या वऱ्हाडात.

कारवार ठरलं ते ह्यांच्या बोलण्यातून. ‘बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी’ ही घोषणा आम्ही लहानपणापासून ऐकत आणि देत आलो. 1956 च्या 1 नोव्हेंबरला मुंबई राज्यातले आमचे जिल्हे म्हैसूर राज्यात गेले, त्यात बेळगावही होतं आणि कारवारही. दर वर्षी त्याच तारखेला, काळ्या दिनाला, ते नाव तोंडात असतं. पण आमच्या गल्लीत कारवारला जाऊन राहून आलेलं माणूस शोधून सापडेना. हे म्हणाले, “ज्या गावाचं नाव एवढ्या वेळा घेतलं, ते एकदा बघूया तरी.” मला ते फार आवडलं.

मला मात्र कारवार शहरात राहायचं नव्हतं. कॅम्पातल्या फिश मार्केटमध्ये आमचे एक नेहमीचे मासेवाले आहेत. त्यांचा माल घाटाखालून येतो, त्यामुळं किनाऱ्यावरच्या गावागावांत त्यांची ओळख. त्यांना विचारलं, तर म्हणाले, “वैनी, माजाळीला जावा. गोव्याच्या हद्दीला लागून गाव, पण गोव्याची गर्दी तिकडं वळत नाही. हद्दीच्या पलीकडं पोळें, अलीकडं माजाळी.” एका घराचा फोन नंबरही त्यांनीच मिळवून दिला. मच्छीमार कुटुंब, मागं दोन खोल्या बांधलेल्या, पाहुणे आले तर देतात.

म्हाताऱ्या माणसाला घेऊन जाताना फोनवर काय विचारायचं, हे मी आधी लिहून काढलं होतं. संडासात कमोड आहे का? खोलीला किती पायऱ्या? पाणी गोडं आहे की मचूळ? रात्री लाईट गेली तर काय? दारापासून वाळूपर्यंत चालायला किती वेळ, वाट सपाट की उताराची? जवळचा डॉक्टर कुठं? पलीकडून एक बाई बोलत होत्या. कोकणी वळणाचं, पण स्वच्छ कळणारं मराठी. प्रत्येक प्रश्नाला त्यांनी शांतपणे उत्तर दिलं. शेवटी म्हणाल्या, “बाय, सगळां आसा. फकत हॉटेल नाय. जेवण आमच्यात जेवचां लागतलां.” तिथंच मी नक्की केलं.

खंडेनवमीला मागांची पूजा झाली, दसऱ्याला सोनं वाटून झालं. माग बंदच होते. द्वादशीला पहाटे आई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि पोरं असं सगळ्यांनी निघायचं ठरलं. तिथी बघून निघालो त्यामागं एक कारण होतं, ते सांगते, कारण समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक घरानं ते माहीत करून घ्यावं असं मला मनापासून वाटतं.

किनाऱ्यावरच्या लोकांना भरतीची वेळ बघायला मोबाईल लागत नाही, भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. तिथीचा जो आकडा असेल त्याची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. द्वादशी म्हणजे बारा, बाराची पाऊणपट नऊ. म्हणजे सकाळी नऊच्या सुमाराला आणि रात्री नऊच्या सुमाराला पाणी सगळ्यात वर. त्यात साधारण सहा तास मिळवले की ओहोटी, म्हणजे दुपारी तीन. दुसऱ्या दिवशी हेच पाऊण तासानं पुढं सरकतं. पौर्णिमेनंतर प्रतिपदेपासून परत एकपासून मोजायचं. गावागावाप्रमाणं थोडं पुढंमागं होतं, पण आपल्या कामाला पुरेसं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी वर जास्त चढतं आणि खालीही जास्त उतरतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा हा फरक कमी. कारवारकडं एकूणच पाणी मुंबईइतकं चढत-उतरत नाही. मुंबईला उधाणाला चार-पाच मीटरचा फरक पडतो, इकडं जेमतेम दोन मीटरच्या आसपास. तरीसुद्धा वाळूवर लहान पोरं खेळत असली की तेवढा फरक पुष्कळ असतो. आमचा मुक्काम कोजागिरीपर्यंत होता, म्हणजे पाणी दिवसेंदिवस उधाणाकडं चाललेलं. हे निघायच्या आधी ठाऊक होतं.

रस्त्याचं थोडक्यात सांगते. खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी, कद्रा आणि सदाशिवगड. दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर, पण निम्मा रस्ता जंगलाचा, त्यामुळं घड्याळ विसरून निघायचं. डिझेल रामनगरच्या आत भरून घ्यावं. जोयड्यापुढं मोबाईलची रेंज येते-जाते, बराच वेळ नसतेच. सगळा भाग काळी व्याघ्र प्रकल्पाचा. परतीचा पाऊस आदल्या आठवड्यात पडून गेलेला, अणशी घाटात दोन्ही बाजूंनी पाण्याचे आवाज, काच खाली केली की ओल्या पानांचा वास. पोरगी उलटी करेल म्हणून आलेपाक जवळ ठेवला होता, तो सगळ्यांनीच खाल्ला. काळी नदी याच जोयडा तालुक्यात डिग्गीजवळ उगम पावते आणि याच जिल्ह्यात समुद्राला मिळते. मलप्रभेचं बघून सवय झालेल्या आमच्या पोराला ते फार नवलाचं वाटलं. कद्र्याचं धरण दिसल्यापासून तो नदीवर नजर ठेवून होता. झाडांआड गेली की विचारायचा, “गेली काय?” आणि परत दिसली की ओरडायचा.

माजाळीचं घर सांगितलं होतं तसंच निघालं. पुढं माडांची वाडी, मागं दोन खोल्या, मधे अंगण, त्यात वाळत घातलेलं जाळं. घराच्या मागच्या बाजूनं सुरूच्या झाडांतून वाट जाते, ती संपली की वाळू.

आईंना लगेच नेलं नाही. जेवल्या, आडव्या झाल्या, मग चारच्या सुमाराला निघालो. ओहोटी होऊन गेलेली, पाणी लांब गेलेलं, वाळू ओली आणि घट्ट. गुडघेदुखीच्या माणसाला चालायला हीच वेळ चांगली. भरतीच्या वेळी फक्त वरची कोरडी वाळू उरते, त्यात पाय रुततात आणि म्हातारं माणूस दहा पावलांत थकतं. आई माझा हात धरून सावकाश चालत पाण्यापाशी गेल्या. लाट आली, घोट्यापर्यंत पाणी चढलं आणि माघारी जाताना पायाखालची वाळू काढून घेऊन गेली. त्यांनी माझं मनगट घट्ट पकडलं. “पाय धरून ओढतंय गं हे,” म्हणाल्या. पुढच्या लाटेला परत तेच. तिसऱ्या लाटेला त्यांनी माझा हात सोडला, लुगड्याचा काठ वर खोचला आणि पाय फाकून नीट उभ्या राहिल्या. कितीतरी वेळ बोलल्या नाहीत. मी बाजूला उभी राहून त्यांचे पाय बघत होते. जन्मभर मागाच्या खोलीतल्या फरशीवर फिरलेले, टाचा भेगाळलेल्या. लाट आली की बोटं वाळूत रोवायची, गेली की सैल सोडायची, हे त्यांनी आपोआप शिकून घेतलं होतं. अंधार पडायला लागला तशी मी म्हटलं, “चला आई.” तर म्हणाल्या, “थांब की गं, घाई काय हाय?” ज्या बाईला बाहेर गेलं की पहिल्यांदा घर आठवतं, त्यांच्या तोंडून हे मी प्रथम ऐकलं.

शांत किनारा म्हणजे काय, हे नीट समजून घेतलं पाहिजे. शांत म्हणजे तिथं भेळेची गाडी नाही, कपडे बदलायला खोली नाही, संडास नाही आणि कोणी बुडायला लागलं तर उडी मारणारा जीवरक्षकही नाही. वाळूवर आम्ही, चार होड्या आणि खेकडे. मोठ्या किनाऱ्यावर जे काम दुसरा कोणी करतो, ते इथं घरातल्या माणसांनी वाटून घ्यायचं. आम्ही तसं वाटून घेतलं. पोरं पाण्यात असली की एका मोठ्या माणसानं पाण्यात त्यांच्या पुढं, समुद्राच्या बाजूला उभं राहायचं आणि एकानं वाळूवरून नजर ठेवायची. नजर ठेवणाऱ्याच्या हातात मोबाईल नाही. कमरेच्या वर पाणी नाही. अंधारात पाणी नाही. हे नियम निघायच्या आदल्या रात्रीच पोरांना सांगून ठेवले होते, त्यामुळं तिथं रडारड झाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरांनी एक जागा पसंत केली. तिथं लाटा फुटत नव्हत्या, पाणी सपाट दिसत होतं. दोन्ही बाजूंना लाटा आणि मधे ही गुळगुळीत पट्टी. कोणालाही वाटावं, पोरांना खेळायला हीच जागा चांगली. होडीपाशी बसलेल्या एका म्हाताऱ्या तांडेलांनी, म्हणजे होडीच्या म्होरक्यांनी, हात वर करून हाक मारली, “थंय वचूं नाकात!” तिकडं जाऊ नका म्हणून. मग उठून जवळ आले आणि ह्यांना नीट दाखवलं. लाटांनी किनाऱ्यावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जायला पाहिजे. ते अशा पट्टीतून परत जातं. तिथं वाळू खरवडून खोल झालेली असते, म्हणून लाट फुटत नाही, पाण्याचा रंग जरा गडद दिसतो आणि फेस, पालापाचोळा किनाऱ्याकडं यायच्या ऐवजी बाहेर जाताना दिसतो. त्यांनी एक सुकी काडी टाकून दाखवली. बघता बघता ती लांब गेली. ओहोटीला ही ओढ वाढते. सापडलंच कोणी, तर किनाऱ्याकडं सरळ पोहायची धडपड करायची नाही, तिथंच माणूस दमून बुडतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत पट्टीच्या बाहेर यायचं, मग लाटाच आत आणतात. पोहता येत नसेल तर हातपाय न झाडता तरंगत राहायचं आणि हात वर करून बोलवायचं. घाटमाथ्यावरच्या नदीत, विहिरीत पोहायला शिकलेल्या माणसाला यातलं काही ठाऊक नसतं. दर सुट्टीत आमच्याकडची कुठली तरी तरणीताठी पोरं समुद्रात गेल्याची बातमी येते. ती वाचली की माझ्या पोटात खड्डा पडतो. म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

त्याच सकाळी येंडी ओढताना बघायला मिळाली. येंडी म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं छोटं जाळं. होडीतून जाळं अर्धगोल टाकत नेतात, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर आणतात आणि दोन्ही बाजूंनी माणसं ओढायला लागतात. मोठी असते ती रांपण, मराठीत आपण रापण म्हणतो. तांडेल सांगत होते, त्यांच्या तरुणपणी रांपणीला गावच्या गाव लोटायचं, ऐंशी-शंभर माणसं एका जाळ्याला लागायची आणि बांगडा आला की वाळूवर ढीग पडायचे. 1970 च्या दशकाच्या मध्यावर या किनारपट्टीवर यांत्रिक पर्ससीन बोटी आल्या. त्या बांगड्याचा आणि तारल्यांचा थवा समुद्रातच घेरून उचलायला लागल्या. मासा किनाऱ्यापर्यंत पोचेनासा झाला आणि रांपणी एकेक करून बंद पडल्या. हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढं वडगाव होतं. हातमाग जाऊन यंत्रमाग आले, तेव्हा आमच्या सासऱ्यांच्या पिढीनं हेच सोसलं. आई मधेच म्हणाल्या, “आमच्यात बी तसंच झालं बघा.” तांडेलांनी मान हलवली. त्यांना जास्त सांगावं लागलं नाही.

दोर ओढायला हात कमी होते, म्हणून आम्हालाही बोलावलं. ह्यांनी धरला, दिरांनी धरला, पोरांनी धरला. ओला दोर हाताला काचतो, जोर पायांत लावायचा आणि पाठ न वाकवता मागं चालत जायचं. जाळं जवळ आलं तसं पाणी मधे उकळी फुटल्यागत हलायला लागलं. थोडे बांगडे, पुष्कळ तारले, मूठभर सुंगटं म्हणजे कोळंबी, एक-दोन लेपे. मोठं काही नाही. त्यातलेच मासे तांडेलांनी ओढणाऱ्यांना वाटे घालून दिले, आमचाही वाटा काढला. आम्ही नको म्हटलं तर रागावले. ओढणाऱ्याचा वाटा असतोच, पाहुणा असो की गावचा.

दुपारी अंगणात घरमालक फाटलेलं जाळं सांधत बसले होते. हातात प्लास्टिकची चपटी सुई, तिच्यावर गुंडाळलेला नायलॉनचा दोरा. आई शेजारी पाट घेऊन बसल्या आणि त्यांच्या बोटांकडं एकटक बघायला लागल्या. मग म्हणाल्या, “ही गाठ परत एकदा मारा बघू.” त्यांनी मारली. आईंनी कनवटीचा दोरा सोडला, दोन तुकडे केले आणि तीच गाठ मारून दाखवली. एका दोऱ्याचा फास धरायचा, दुसरा दोरा त्यातून खालून वर काढायचा, फासाच्या मागून फिरवायचा आणि स्वतःच्याच खाली अडकवून ओढायचा. मागावर ताण्यातलं सूत तुटलं की विणकर हीच गाठ मारतो. जाळ्याच्या प्रत्येक डोळ्यालाही हीच असते. विणकराची गाठ बारीक बसते, फणीतून अडकल्याशिवाय पार होते. कोळ्याची गाठ ताणाला सरकत नाही, म्हणून डोळा लहानमोठा होत नाही. नायलॉन घसरतं, म्हणून ते एक वेढा जास्त घेत होते. आईंना तेवढंच नवीन होतं, तेही त्यांनी लगेच उचललं. घरमालकांनी सुई त्यांच्या हातात दिली. संध्याकाळपर्यंत जाळ्याची एक बाजू आईंनी सांधून दिली होती. चष्मा पुसत पुसत, पाय लांब करून, अगदी निवांत. घरच्या बाई चहा घेऊन आल्या आणि हसत म्हणाल्या, “आजी, आता हंयच रावा.” समुद्राकाठी येऊन आईंना सगळ्यात जास्त काय आवडलं असं मला कोणी विचारलं, तर मी ही दुपार सांगेन.

तीळमातीला, म्हणजे शेजारच्या काळ्या वाळूच्या किनाऱ्याला जायचं ते आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि पोरं, आई घरीच राहिल्या. माजाळीच्या बाजूनं टेकडी चढून पलीकडं उतरावं लागतं. पावसाळा नुकताच सरलेला, गवत गुडघाभर, वाट निसरडी. चपलेपेक्षा बूट बरे. वरून एका बाजूला माजाळीची पांढरी वाळू दिसते आणि दुसऱ्या बाजूला खडकांच्या कुशीत एक छोटी काळी पट्टी. खाली उतरून मूठभर वाळू हातात घेतली, तर खरोखर संक्रांतीला निवडून ठेवलेले काळे तीळ. पांढऱ्या वाळूइतकी बारीक नाही, दाणा न् दाणा वेगळा, ओल्या हाताला चिकटतो आणि वाळला की झडतो. कडेचा काळा खडक लाटा झिजवत राहतात, त्याची ही वाळू, असं गावातली माणसं सांगतात. ऊन चढलं की ती पांढऱ्या वाळूपेक्षा फार तापते. म्हणून सकाळी लवकर जावं आणि प्यायचं पाणी भरपूर न्यावं, वर काहीच मिळत नाही. इथं पोरांना पाण्यात जाऊ दिलं नाही. खडक जवळ, पट्टी अरुंद. ती बसून काळ्या वाळूत पांढरे शिंपले मांडत राहिली. एक गोष्ट मनाला लागली. एवढ्या आडबाजूच्या जागीसुद्धा भरतीच्या रेषेवर प्लास्टिकच्या बाटल्या आणि जाळ्यांचे तुकडे होते. काही समुद्रानं आणलेले, काही माणसांनी टाकलेले. आम्ही पिशवीभर गोळा करून परत आणलं. पोरांनी न सांगता केलं, याचा मला आनंद झाला.

कारवार शहरात अर्धा दिवस गेला, तो आवश्यक तेवढाच. सदाशिवगडाच्या टेकडीखालून काळीवरचा पूल ओलांडला की शहर. जुना पूल 2024 च्या ऑगस्टमध्ये रात्रीच्या वेळी कोसळला, आता नव्या पुलावरून वाहतूक चालते. पोराला नदी समुद्राला मिळताना बघायची होती, ती पुलावरून दिसली. तो एकदाचा समाधानी झाला. शहराच्या किनाऱ्याला रवींद्रनाथ टागोरांचं नाव आहे. त्यांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ इथं न्यायाधीश होते, तेव्हा तरुण रवींद्रनाथ त्यांच्याकडं राहायला आले होते. तिथंच चपळ या युद्धनौकेचं संग्रहालय आहे, पोरांनी ते आवडीनं बघितलं. शहराच्या दक्षिणेला नौदलाचा मोठा तळ असल्यानं तिकडचा बराच किनारा बंद असतो. औषधं, एटीएम, जिल्हा रुग्णालय सगळं शहरात. माजाळीला राहणाऱ्यानं गोळ्या-औषधं आधीच भरून न्यावीत.

जेवणाचं सांगितलंच पाहिजे. सकाळी उकड्या तांदळाची पेज, वर लोणचं. आम्हा जोंधळ्याच्या भाकरीवर वाढलेल्या माणसांना पहिल्या दिवशी पेज पोटभर वाटत नाही. आईंनी तर घरून पीठच आणलं होतं. घरच्या बाईंनी चुलीजवळ जागा करून दिली, आईंनी भाकऱ्या थापल्या आणि बाईंनी बांगड्याचं तेफळ घातलेलं हुमण, म्हणजे नारळाचं कालवण केलं. नारळ, ब्याडगी मिरची आणि आमसूल रगड्यावर वाटलेलं, तेफळं वरून ठेचून टाकलेली. जोंधळ्याची भाकरी आणि ते हुमण हे दोन्ही घरांनी पहिल्यांदाच एकत्र खाल्लं आणि दोन्ही घरांना आवडलं. आमच्याकडच्या मटणाच्या रश्श्यात कांदा-खोबरं भाजून घेतात, इथं ओल्या नारळाचं वाटण कच्चंच. तरी जड वाटत नाही, आमसुलानं पोट हलकं राहतं. पर्यटनाच्या गावांत थाळीला सगळीकडं एकच चव झाली आहे. इथं रोज सकाळी जाळ्यात काय आलं त्यावर दुपारचं जेवण ठरायचं. एक दिवस मासा आला नाही, तर वालीची भाजी आणि सोलकढी. मला तो दिवसही तितकाच आवडला.

कोजागिरीला दुपारनंतर गडगडाट होऊन एक सर येऊन गेली आणि संध्याकाळी आभाळ धुतल्यावर मोकळं झालं. आम्ही सगळे वाळूवर गेलो. समोर सूर्य बुडत होता आणि त्याच वेळी पाठीमागं, माडांच्या वर, सह्याद्रीकडून चंद्र वर येत होता. पौर्णिमेला हे दर वेळी होतंच, पण घरांच्या गर्दीत आम्हाला दोन्ही कधी एकदम दिसत नाहीत. ओहोटी होती, वाळू लांबपर्यंत मोकळी. तांडेल आणि त्यांचे मुलगे मात्र होड्या ओढून वर, सुरूच्या मुळांपर्यंत नेत होते. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, रात्री उधाणाचं पाणी तिथवर येणार. ह्यांनी आणि दिरांनी हात लावला. चारोळी, वेलदोडे आणि केशर घालून दूध आटवलं होतं, त्यांनाही दिलं. पौर्णिमेला आई मासे खात नाहीत हे घरच्या बाईंनी आपण होऊन लक्षात ठेवलं होतं, त्या दिवशी त्यांनी सगळ्यांनाच शाकाहारी जेवण केलं. रात्री अकराच्या सुमाराला मी एकदा बाहेर येऊन बघितलं. संध्याकाळी जिथं पोरं खेळत होती तिथं पाणी होतं, होड्यांच्या जुन्या जागेच्याही वर.

खर्चाचं विचारतात म्हणून सांगते. दोन खोल्यांचं भाडं आणि सगळ्यांचं जेवण धरून आम्हाला जेवढं पडलं, तेवढ्यात सुट्टीच्या दिवसांत गोव्याच्या गर्दीच्या किनाऱ्यावर निम्मेही दिवस निघाले नसते. पैसे रोख लागतात. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात समुद्रही खवळलेला, तेव्हा जाऊ नये. दसऱ्यानंतर ते फेब्रुवारीपर्यंत चांगलं. थंडीच्या महिन्यांत कासवीण अंडी घालायला या बाजूच्या किनाऱ्यांवर येते. रात्री वाळूवर टॉर्च मारत, आरडाओरडा करत फिरू नये, उजेडानं ती बुजून परत जाते. वनखात्यानं जाळी लावून घेरलेली जागा दिसली तर तिच्याजवळ पोरांना जाऊ देऊ नये. आत अंडी असतात, पिल्लं बाहेर पडायला दीड-दोन महिने लागतात. कोणाच्या घरी राहणार असाल तर आधी फोन करून जा, दारात अचानक गाडी उभी करू नका. ती माणसं पहाटे तीनला समुद्रावर जातात, रात्री नऊला झोपतात. मोठ्यानं गाणी लावायची असतील तर ही जागा नव्हे.

निघताना आईंनी पिशवीतून एक साडी काढून घरच्या बाईंना दिली. आमच्याच मागावरची, त्यांनी घरूनच बरोबर आणलेली. बाईंनी सुकवलेले बांगडे आणि आमसुलं बांधून दिली. अणशी घाट दिवसाउजेडी चढायचा म्हणून सकाळचा चहा घेऊनच निघालो, जेवण जोयड्यात केलं. रामनगरला रेंज आली तसे फोन वाजायला लागले. सोमवारी माग सुरू करायचे होते, सुताच्या गाडीची चौकशी करायची होती. मागच्या सीटवर आई जावेला पुढच्या वर्षीचं सांगत होत्या, “थंडीत जाऊया, आन् शेजारच्या आक्कालाबी घेऊया. तिनं बी पाहिलेला न्हाई.”